मामांनी आम्हाला दप्तरी दाखल केले!

गेल्या भाऊबिजेला आमच्या सांगलीच्या मावशीने चंद्राला ओवाळले. जिला भाऊ नाही, किंवा जिचा भाऊ दूरदेशी आहे, तिने द्वितीयेच्या कोरेला भाऊ मानून ओवाळावे ही आपली जुनी रीत. पण मावशीला भाऊ आहे. तो पुण्याला सहकारनगरात राहतो, वय वर्षे एक्क्याऐंशी, प्रकृतीने खुटखुटीत, रोज पहाटे तळजाईवर फिरायला जाणारा. असे असून मावशी, खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, वॉकर धरून गॅलरीत आली, निरांजनाचे ताम्हन सुनेने धरले, आणि ती चंद्राला ओवाळून आत गेली. त्या रात्री ती कोणाशी बोलली नाही.

या प्रकरणाचा छडा पुढे लागला, तेव्हा गुन्हेगार म्हणून जो सापडला तो करंगळीच्या नखाएवढा होता. फोनच्या पडद्यावरचे एक चित्र. खोक्याचे, आणि त्यात खाली जाणाऱ्या बाणाचे.

त्याचे असे झाले. वाईला आमच्या आजोळचा वाडा आहे. आहे म्हणजे भिंती आहेत. गणपतीत सगळी जमली असता तो विकावा असा विषय निघाला आणि मामा एकटे उलट बाजूला गेले. शब्दाने शब्द वाढला, मामा रात्रीच्या गाडीने पुण्याला परतले. असे कोणत्या घरी होत नाही? दसऱ्यापर्यंत सारे विसरलेही असते. पण दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मावशी न्हाणीघरात घसरली. तिच्या मुलाने दवाखान्याच्या दारातूनच कुटुंबाच्या ग्रूपवर बातमी टाकली. त्रेचाळीस माणसांचा आमचा ग्रूप. अर्ध्या तासात चौकशांचा पाऊस पडला. मामांचे अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, मामा गप्प. भूल उतरताना मावशी ‘दादा आला का?’ असे विचारीत होती, हेही तिच्या सुनेने लिहिले, ग्रूपवरच. मामा गप्प! मग मंडळींच्या मनात जे यायचे तेच आले. म्हातारा वाड्यावरून अढी धरून बसला आहे.

आमच्यापैकी एकानेही त्यांना सरळ फोन केला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. मी तर वाडा विकावा या पक्षाचा, तेव्हा मला संकोचही होता. पूर्वी घरात आजार झाला की ज्याला त्याला वेगळे पत्र जाई, तातडी असली तर तार जाई. ती तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेत एक गुण होता. शिपाई दाराशी उभा राही आणि सही घेई, त्यामुळे निरोप पोहोचला की नाही याबद्दल कोणाच्या मनात शंका उरत नसे. आता ‘ग्रूपवर टाकले’ म्हणजे ‘सांगितले’ असा आपण सर्वांनी मिळून अर्थ करून घेतला आहे.

भाऊबीज होऊन पाच दिवस झाले आणि मला राहवेना. फराळाचा डबा घेऊन ठाण्याहून पुण्याला गेलो. मामी जाऊन सहा वर्षे झाली, मूलबाळ नाही. मामांनी स्वतःच दार उघडले.

“ये. घराबाहेर काढलेल्या माणसाकडे वाट कशी चुकलास?”

“कोणी काढलं तुम्हाला?”

“तुम्ही सर्वांनी. कोजागिरीच्या आदल्या दिवसापासून तुमचा तो ग्रूप माझ्या फोनवरून नाहीसा झालाय. वाड्याला विरोध केला, एवढंच ना? बरं केलंत. म्हाताऱ्याची कटकट गेली.”

मी फोन हातात घेतला. यादीच्या माथ्यावर फिकट करड्या अक्षरांत ‘आर्काइव्ह्ड’ असा इंग्रजी शब्द होता आणि त्याच्या टोकाला एक आकडा. त्यावर बोट ठेवले. ग्रूप आत होता. न वाचलेले निरोप तीनशे सत्याऐंशी!

मामा बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले. “आर्काइव्ह?” ते म्हणाले. “अरे, बत्तीस वर्षं मी दप्तरखान्यात नोकरी केली. आर्काइव्ह म्हणजे निकाल लागलेले, मेलेले कागद. तिथं जिवंत माणसं कोण शोधायला जाईल?”

मग त्यांनी भिंग घेतले आणि पहिल्या निरोपापासून वाचायला बसले. मावशी पडल्याचा निरोप, शस्त्रक्रियेचा निरोप, ‘दादा आला का’चा निरोप. दोन तास मी समोर बसून होतो. चकलीचा तुकडा मोडण्याचाही मला धीर झाला नाही.

आता ही गोष्ट घडली कशी? ॲपचे नाव मी मुद्दाम देत नाही. या बाबतीत सगळी एकाच माळेचे मणी आहेत. पण उलगडा केला तो माझ्या सुनेने. ती ऐरोलीच्या एका कंपनीत असते. तिचे काम काय, हे मला चार वर्षे नीट कळले नव्हते; लग्न ठरवताना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर आमचे समाधान झाले होते. वस्तुतः ती पडद्याची आखणी करते. म्हणजे कोणते बटण कोठे असावे, केवढे असावे, त्यावर शब्द असावा की चित्र, ते दाबल्यावर काय व्हावे आणि चुकून दाबल्यावर काय व्हावे. घर बांधताना वास्तुशिल्पी जे करतो तेच, फक्त जागा तळहाताएवढी. मार्गशीर्षात मामा आमच्याकडे आठ दिवस राहिले, तेव्हा तिने एक प्रयोग मांडला. मामांनी त्यांच्या फोनवर नेहमीची कामे करायची, तिने शेजारी बसून नुसते पाहायचे आणि वहीत टिपायचे. मदत करायची नाही. मलाही तशी ताकीद होती. “मामाआजोबा, ही परीक्षा तुमची नाही, फोनची आहे,” असे तिने आरंभीच सांगून टाकले. मामा खुश झाले. फोनची परीक्षा घेण्याचा मान त्यांना आजवर कोणी दिला नव्हता.

वाचकहो, ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी हा प्रयोग एकदा करून पाहावा. हात शिवशिवतात. “अहो, तिथं नाही, इथं!” असे शब्द ओठांवर येतात. पण गप्प बसले म्हणजे दिसते, की चुकते ते माणूस नव्हे.

पहिले काम होते मावशीला फोटो पाठवण्याचे. मामांनी मावशीच्या नावावर बोट टेकले. काही झाले नाही. पुन्हा टेकले. काही नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी अंमळ जोराने दाबून धरले; कळ बसत नसेल तर माणूस दुसरे काय करणार? तत्क्षणी पडद्याचा वरचा भाग बदलला आणि तेथे चार-पाच बारीक चित्रांची रांग उगवली. एक टाचणी, एक केराचा डबा, एक घंटा, आणि ते खोके. “हे काय आलं?” म्हणून मामांनी खोक्यावर बोट ठेवले. मावशी नाहीशी झाली.

“कळलं का बाबा?” सून मला म्हणाली. “असाच तो ग्रूप गेला.”

तिने जे समजावून सांगितले ते मला फार मौजेचे वाटले. या काचेला दाब कळतच नाही. काचेखाली विजेचे अतिसूक्ष्म जाळे असते. बोट टेकले की त्या ठिकाणचा विद्युत्‌भार किंचित बदलतो, आणि त्यावरून फोन ओळखतो की येथे बोट आहे. पण हे व्हायला त्वचेत थोडा ओलावा लागतो. वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी पडते, थंडीत तर अधिकच, आणि टेकलेले बोट फोनला कधी दिसते, कधी दिसत नाही. आपण जोर करतो. जोर त्याला कळत नाही. वेळ मात्र कळतो. साधारण अर्ध्या सेकंदापेक्षा बोट अधिक राहिले की तो समजतो, याला काही निराळे हवे आहे. तरुण मुलाचे बोट त्याच्या कितीतरी आधी उठलेले असते. म्हणजे ज्याचे बोट सावकाश उठते, त्याच्याच पुढ्यात या यंत्राने टाचणी, केराचा डबा आणि खोके वाढून ठेवले!

बरे, चूक झाली तर ती मागे घेण्याची सोय होती. होती ना! मावशी नाहीशी होताच पडद्याच्या तळाशी एक पट्टी आली होती, आणि तीत ‘परत आणा’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. मामांची नजर वरच्या खोक्यावर. ती खाली येऊन, चष्मा सावरून, शब्द लागेपर्यंत पट्टी विरघळून गेली. सुनेने घड्याळ लावले होते. सगळा खेळ मोजक्या चार-दोन सेकंदांचा. सर्वांच्या परिचयाच्या व्हॉट्सॲपने डिसेंबर २०२२ मध्ये, निरोप चुकून फक्त स्वतःपुरता पुसला गेला तर तो परत आणण्याची सोय दिली, ती पाच सेकंदांची. सोय चांगलीच आहे. पण ज्याला चूक झाल्याचे कळायलाच सहा सेकंद लागतात, त्याने काय करावे?

दुसऱ्या दुपारी डोळ्यांची पाळी आली. चाळिशीत जवळचे दिसेनासे होते हे आपण जाणतो. चाळिशी या शब्दाचा अर्थच आपल्या भाषेत चष्मा असा झाला आहे. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. डोळ्यातले भिंग पुढे पिवळसर आणि गढूळ होत जाते, बाहुलीही लहान होते, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश भरतो. विजेरीचे तीन सेल काढून एकच ठेवावा तसे काहीसे. आणि हल्लीची फॅशन काय, तर पांढऱ्यावर फिकट करडे! निरोपाखालची तारीख-वेळ मामांना आजवर दिसलीच नव्हती. तेथे काही लिहिलेले असते याचाच त्यांना पत्ता नव्हता. मागल्या वर्षीचा पुराचा फोटो कोणी पुढे ढकलला की मामा आजच सांगलीत पाणी शिरले असे समजून अस्वस्थ होत, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. निरोप वाचल्याची निळी खूण आणि न वाचल्याची करडी खूण यांतही त्यांना फरक दिसेना; पिवळ्या भिंगातून निळ्याचे तेज आधी जाते. जगभरच्या संकेतस्थळांचे नियम ठरवणारी जी संस्था आहे, तिने २००८ सालीच लिहून ठेवले आहे की, साध्या आकाराचे अक्षर आणि त्यामागची पाटी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असे प्रमाण असावे. नियम आहे, मोजायची साधने फुकट आहेत. पण करडे अक्षर ‘सोज्ज्वळ’ दिसते, असे आखणाऱ्यांना वाटते. आखणारे पंचविशीतले असतात, हे सुनेने होऊन सांगितले.

चित्रांची तर गंमतच. तीन ठिपके पाहून मामा म्हणाले, “हे वाक्य अपुरं राहिलंय का?” कागदी विमान म्हणजे पाठवा, हे त्यांना दीड वर्षापूर्वी कोणीतरी सांगितले म्हणून ठाऊक. दातेरी चक्र पाहून त्यांना गिरणी आठवली. एकच चित्र त्यांनी न अडखळता ओळखले, ते टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरचे. आणि आमचा सात वर्षांचा नातू तेच चित्र पाहून म्हणाला, “हे केळं आहे.” त्याने तसला फोन जन्मात पाहिलेला नाही. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. शब्द लिहिला असता तर पणजोबाच्या वयाचे मामा आणि हा पहिलीतला पोरगा, दोघांनाही वाचता आला असता.

आणि जे मोठ्या कष्टाने पाठ झाले आहे ते टिकू तरी द्यावे! तेही नाही. मामा म्हणाले, “रात्रीतून कोणीतरी येतं आणि घराची दारं हलवून जातं. काल वर होतं ते आज खाली. काल इथं संदूक होती, तिथं आज भलताच गोल कोण आला कोण जाणे.” सवयीने अंगवळणी पडलेले काम म्हातारपणीही चांगले टिकते, आमची आजी शेवटच्या दिवसांत माणसे विसरली होती, पण वाती वळायला विसरली नाही. नवी सवय जडायला मात्र वेळ लागतो. तेव्हा आखणी बदलणे हा तरुणाच्या दृष्टीने दोन दिवसांचा वैताग असतो, आणि मामांच्या दृष्टीने पुन्हा पहिलीत जाऊन बसणे.

सुनेच्या वहीत शेवटी एक शब्द दोनदा अधोरेखित केलेला होता. ‘भीती’. मामा अनोळखी काहीही दाबत नाहीत. पैसे जातील, बिघडेल, कोणाला काही भलतेच जाईल. ही भीती काही खुळी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आपल्या रेडिओवरच्या ‘मन की बात’मध्ये ‘डिजिटल अटक’ नावाच्या ठकबाजीपासून देशाला सावध केले होते. पोलिसाच्या वेशात पडद्यावर यायचे आणि म्हाताऱ्या माणसांना घरातल्या घरात डांबून त्यांचे पैसे काढायचे. (अशा वेळी १९३० हा क्रमांक लावावा, तो फोनजवळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.) पण पडद्याची आखणी या भीतीला काय साहाय्य करते? भाच्याचा निरोप आणि ठकाचा निरोप एकाच घाटाच्या चौकटीत, एकाच अक्षरात, एकाखाली एक. जुन्या चाळीत अनोळखी माणूस जिना चढू लागला की पहिल्या मजल्यावरच कोणीतरी ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारी. असा विचारणारा या पडद्यावर जवळजवळ नाहीच. असला तर त्याचा आवाज फार बारीक.

हे सारे ऐकून मी सुनेला विचारले, “तुम्हा लोकांना हे दिसत कसं नाही?” तिने उत्तरादाखल एका अमेरिकन बाईची हकीकत सांगितली.

पॅट्रिशिया मूर ही बाई १९७९ मध्ये न्यूयॉर्कला रेमंड लोवी या नामांकित आखणीकाराच्या कचेरीत काम करीत होती. वय सव्वीस. शीतकपाटाच्या आखणीची चर्चा चालू असता तिने सुचवले, की संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसालाही उघडता येईल असे दार का करू नये? उत्तर मिळाले, की आपण अशा लोकांसाठी काम करीत नाही. ते तिच्या मनाला लागले. एका रंगभूषाकाराच्या मदतीने तिने ऐंशी-पंचाऐंशीच्या म्हातारीचे सोंग घेतले. पण सोंग नुसते चेहऱ्याचे नव्हते. अंधुक दिसावे असा चष्मा, कानांत बोळे, गुडघे वाकू नयेत म्हणून पायांना कामट्या, बोटे आखडावीत म्हणून पट्ट्या. अशा थाटात ती तीन वर्षे अमेरिका आणि कॅनडातल्या शंभरावर शहरांतून हिंडली. बसमध्ये चढली, दुकानांत गेली, रस्ते ओलांडले. काही ठिकाणी लोकांनी हात दिला. एकदा पोरांच्या टोळक्याने तिला बेदम मारलेही. १९८५ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९९० मध्ये सॅम फार्बर नावाच्या गृहस्थाने, पत्नीच्या संधिवाती हातांना धरता येईना म्हणून, जाड रबरी मुठीची सोलणी बाजारात आणली. ती घ्यायला धडधाकट हातांच्याच गृहिणींची झुंबड उडाली. ओल्या हातातून न निसटणारी सोलणी कोणाला नको?

फोनच्या बाबतीत जपान्यांनी लवकर हातपाय हलवले. तेथे १९९९ पासून ‘राकु-राकु’, म्हणजे आपल्या भाषेत ‘सोपा-सोपा’, या नावाचे फोन निघतात. २०१२ मध्ये त्यातला काचेचा फोन आला तेव्हा त्यांनी नेमकी मामांची अडचण ओळखली होती. नुसते बोट टेकल्याने काही होत नाही. दाबल्यावरच होते, आणि झाले म्हणजे बोटाला बारीक थरथर जाणवते. जुन्या डायलचे भोक फिरवून सोडले की ते ‘कर्रर्र’ करीत परत येई आणि आकडा लागल्याची खात्री पटे, तसलेच हे. चीनमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये एका चौऱ्याण्णव वर्षांच्या वृद्धेला बँकेतल्या यंत्राने चेहरा ओळखावा म्हणून नातेवाइकांनी उचलून धरले. ते चित्र देशभर पसरले आणि लोक हळहळले. त्या सुमारास तेथील सरकारने वृद्धांच्या या अडचणींत लक्ष घातले, आणि २०२१ मध्ये वीचॅट या त्यांच्या निरोपाच्या ॲपने मोठी अक्षरे, ठळक रंग, मोठी बटणे असा वृद्धांसाठी निराळा पर्याय दिला. ज्येष्ठांसाठीच्या आवृत्तीत जाहिरातीच्या खिडक्या उघडू नयेत, असाही सरकारी दंडक झाला. हा दंडक आपल्याकडे कोणी आणला तर मी त्याला पेढे वाटीन. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची माणसे १० कोटी ३८ लाख होती.

हे ऐकून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामांच्या फोनमध्येही ‘सोपी पद्धत’ आहे! मी त्याच संध्याकाळी ती लावून दिली. मोठमोठी चौकोनी घरे, चार माणसांचे चार फोटो, ठसठशीत अक्षरे. मामांनी दोन दिवस ती सोसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पूर्वीचं परत कर.”

मला थोडा रागच आला. मामा म्हणाले, “अरे, तळजाईच्या बाकावर आम्ही सहाजण बसतो. एकाचं अडलं की दुसरा दाखवतो. माझा पडदा आता कोणासारखाच नाही. तू ठाण्याहून फोनवर सांगतोस, ‘वर उजवीकडे बघा’. माझ्या वर उजवीकडे काहीच नाही. मला बालवाडीत बसवलंस, तिथं शिकवायला कोणी नाही.”

ही गोष्ट ना मला सुचली होती ना सुनेला. तिने वही उघडून ती लिहून घेतली. आपण समजतो की म्हातारा माणूस फोन एकटाच वापरतो. खरे म्हणजे तो भाच्याला विचारून, बाकावरच्या मित्राला विचारून, नातवाच्या हातून असा चौघांत मिळून वापरतो. त्याला वेगळी खोली बांधून दिली की ते चौघे तुटतात. जपान्यांचा आणि चिन्यांचा उपाय चुकीचा असे मी म्हणणार नाही. ज्याचे डोळे फारच गेले त्याला तो वरदान आहे. पण मामांचे म्हणणे असे, की मला निराळी ओटी नको, सर्वांच्या ओटीची पायरी तेवढी बुटकी करा.

पायरी बुटकी करायची म्हणजे काय, याची यादी सुनेने केली ती तशी लांबलचक आहे. त्यातले माझ्या ध्यानात राहिले ते सांगतो. चित्राखाली शब्द लिहा, आणि तो ज्याच्या त्याच्या भाषेत. ‘परत आणा’ची पट्टी माणूस स्वतः घालवीपर्यंत हलू देऊ नका. बोट रेंगाळले म्हणून केराचा डबा पुढे करू नका. दारे हलवायची तर आठ दिवस आधी कळवा आणि ‘मला जुनेच ठेवा’ म्हणण्याची मुभा द्या. अनोळखी माणसाचा निरोप वेगळ्या रंगाच्या पाटीवर, मोठ्या शब्दांत ‘हा तुमच्या ओळखीचा नाही’ असे लिहून दाखवा. तिने आपल्या कचेरीत यातली पट्टी मांडून पाहिली. तेथे वाद झाला, पट्टीमुळे जागा अडते, पडदा ओंगळ दिसतो. शेवटी दहा सेकंदांवर तडजोड झाली. “दहा तर दहा,” असे म्हणून ती घरी आली, पण त्या दिवशी जेवताना गप्प होती.

कंपन्या सुधारेपर्यंत घरच्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचा एक कोनाडा असतो. बोट किती वेळ राहिले म्हणजे ‘दाबून धरले’ समजावे, ते तेथे लांबवता येते. मामांचे आम्ही सर्वांत लांब केले आणि निम्मे अपघात तेथेच थांबले. २०१९ पासून आणखी एक सोय आहे. क्षणभर दिसणाऱ्या पट्ट्या दोन मिनिटांपर्यंत पडद्यावर थांबाव्यात असे तेथे ठरवता येते. सगळी ॲपे ते ऐकतातच असे नाही, पण जी ऐकतात त्यांचा उपयोग होतो. आयफोनवाल्यांसाठी २०२३ पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ नावाची सोपी मांडणी आहे. तिला मामांचा बालवाडीचा आक्षेप लागू पडतो, तेव्हा ज्याच्यासाठी लावायची त्याला आधी विचारावे. आणि फोनची भाषा मराठी करावी. आम्ही मामांची केली, तेव्हा त्यांना चार वर्षांत प्रथमच कळले की आपण कोठे कोठे ‘मान्य आहे’ म्हणत आलो होतो. ते वाचून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

लिहिण्याची कटकट बोलून मिटली. ऑगस्ट २०१७ पासून गूगलच्या कळपाटीला मराठी बोललेले लिहिता येते. मामा फोन तोंडासमोर धरून, दप्तरखान्यातल्या वरिष्ठाला तोंडी मजकूर सांगावा तशा आवाजात, ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ म्हणून सुरुवात करतात. मजकूर लांबला की चौकट त्यातल्या चारच ओळी दाखवते आणि आरंभ वर दडून जातो. आपण काय लिहिले हे त्यांना आठवावे लागते. ही गोष्टही वहीत आहे.

मावशीचे सांगायचे राहिले. तो दप्तरी दाखल झालेला ग्रूप सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मामा सांगलीला गेले. मी फोनवरून आधी सर्व समजावले होते, खोके, बाण, बोट, सगळे. मावशी म्हणाली, “खोक्याचं कळलं रे. पण तीन आठवडे त्याला वाटलं नाही का, की बेबी कशी आहे ते एकदा विचारावं?” ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण भावाच्या घरची बेबीच. याला माझ्याकडे उत्तर नव्हते, मामांकडेही नव्हते. तुळशीचे लग्न व्हायचे होते, तोवर ओवाळलेले चालते, म्हणून तिने ओवाळले. ओवाळणीचे पाकीट घेतले नाही. “चंद्राने दिली आहे,” म्हणाली.

यंदा पितृपक्ष संपला त्याच दिवशी ग्रूपवर मामांचा निरोप आला. पंचाहत्तरीपुढच्या माणसाला ऑगस्ट २०२२ पासून एस. टी.चा प्रवास फुकट आहे, हे पहिल्या दोन ओळींत सांगून झाल्यावर, आपण भाऊबिजेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने सांगलीस निघत असल्याचे त्यांनी कळवले होते. खाली ‘आपला नम्र’ आणि संपूर्ण नाव. पाच मिनिटांनी त्याच ग्रूपवर सर्व त्रेचाळीस माणसांना मामांचा व्हिडिओ कॉल गेला. चुकून. पडद्यावर नुसते त्यांचे छत आणि पंखा दिसत होता, आणि मामा कोणाला तरी विचारीत होते, “आता हे बंद कुठून करायचं?”

मावशीने तो घेतला. तीही फोन उलटा धरून बसली होती.